समुद्राच्या पाण्यात नॅनोसिलिका खाली बसते, उपाय काय?

खारंपाणी: मुंबई हायचं तेल मुख्यतः चुनखडकात आहे आणि तिथे दाब टिकवायला समुद्राचंच पाणी आत सोडतात. म्हणून कोअर फ्लडिंगसाठी (खडकाच्या नळकांडी नमुन्यातून, म्हणजे कोअरमधून, द्रव सोडून किती जास्तीचं तेल निघतं ते पाहण्यासाठी) नॅनोसिलिका (सिलिकाचे अतिसूक्ष्म कण, २० नॅनोमीटर, वजनाने ०.०५ टक्के) समुद्राच्या पाण्यातच घ्यायची आहे. डिस्टिल्ड पाण्यात द्रावण नितळ राहतं. समुद्राच्या पाण्यात तापवलं की गढूळ होऊन साका बसतो. सोनिकेशन (ध्वनिलहरींनी कण सुटे करणं) वाढवावं का?

चुनखडक: उपयोग नाही. सोनिकेशनने गाठी फुटतात, पण पुन्हा जमणं थांबत नाही. सिलिकाचे कण ऋण भारामुळे एकमेकांपासून दूर राहतात. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार. त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हा भार झाकून टाकतात, कण चिकटतात. सँडस्टोनवरच्या (वालुकाश्मावरच्या) प्रयोगांत हायड्रोक्लोरिक ॲसिडने पीएच ३च्या आसपास आणतात. चुनखडकात तो मार्ग धरूच नका: ॲसिड खडकच खातं, पीएच चढतो, वर आणखी कॅल्शियम सुटतं.

सिलेनने (सिलिकाला धरणारं जोडरसायन) पीईजीच्या (पॉलिइथिलीन ग्लायकॉल, पाण्यात विरघळणारं पॉलिमर) साखळ्या जोडलेले कण घ्या. आधी डिस्टिल्ड पाण्यात दाट द्रावण करा. प्रोब सोनिकेटर थांबून थांबून चालवा, भांडं बर्फात ठेवा. मग ०.४५ मायक्रॉनमधून गाळलेल्या समुद्राच्या पाण्यात ढवळत थोडं थोडं सोडा. कोरडी पूड थेट खाऱ्या पाण्यात कधीच टाकू नका. शेवटी बंद नळीत, साठ्याच्या तापमानाला, काही आठवडे ठेवून डीएलएसवर (विखुरलेल्या प्रकाशावरून कण मोजणारं तंत्र) आकार पाहत राहा. झीटा पोटेन्शियलचा (कणाच्या भाराचं माप) ३० मिलिव्होल्टच्या वर असलं की द्रावण टिकाऊ, हा निकष इथे लावू नका, कारण हे कण भारावर नाही, साखळ्यांवर तरलेले असतात.

दाबमापक: द्रावण टिकलं तरी अर्धंच काम झालं. साधी सिलिका ऋण, चुनखडकाचा पृष्ठभाग कॅल्शियममुळे बहुधा धन. कण आत शिरतानाच खडकाला चिकटतात. म्हणून जास्तीचं तेल निघालं की लगेच खूश होऊ नका. नॅनोद्रावणानंतर त्याच वेगाने नुसतं समुद्राचं पाणी सोडा. कोअरच्या दोन टोकांमधला दाबफरक मूळ आकड्याच्या वरच राहिला, तर छिद्रं बुजली आहेत आणि तेल कदाचित वाढलेल्या दाबानेच ढकललं गेलंय. आत शिरण्याच्या तोंडाची पातळ चकती कापून पाहा, थर दिसतो.

कोअर आधी क्रूडमध्ये (कच्च्या तेलात) गरम ठेवून दोन-तीन आठवडे मुरवा. कणांचं काम तेलाला धरणारा खडक पाण्याकडे वळवणं; धुतलेला चुनखडक पाण्यालाच धरतो, मग कणांनी बदलायचं काय? आणि नुसत्या पीईजीची, कणांशिवाय, एक फेरी हवीच, म्हणजे परिणाम कणांचा की पीईजीचा ते कळेल.

खारंपाणी: तेल शोधायला असे कण चालतात का?

चुनखडक: नवा साठा हुडकायला नाही, ते काम अजून सिस्मिकचंच (जमिनीत कंपलहरी सोडून आतलं चित्र काढण्याचं तंत्र). पाणी कोणत्या वाटेने जातं ते दाखवायला चालतात. सौदी अरामकोने २०१०मध्ये घवार तेलक्षेत्राच्या अरब-डी नावाच्या चुनखडक थरात सुमारे १० नॅनोमीटरचे चमकणारे कार्बन कण विहिरीत सोडून पुन्हा बाहेर काढले. गरम, खारट चुनखडकातही ते टिकले, म्हणून कणाच्या आवरणावर आधी वेळ घाला, तेलाचे आकडे नंतर.