पेडणे ते काणकोण बसमार्ग: निओफोरजेमधली क्वेरी संपतच नाही

मांडवीकाठ: नमस्कार. गोव्यातल्या बसमार्गांचा ग्राफ निओफोरजे ५ या ग्राफ डेटाबेसमध्ये केलाय. थांबा म्हणजे नोड (ग्राफमधला बिंदू). प्रत्येक फेरीसाठी लागोपाठच्या दोन थांब्यांमध्ये एक 'पुढचा' रिलेशनशिप (दोन नोडमधला दुवा), त्यावर सुटण्याची वेळ. पणजी ते म्हापसा शोधायलाही फार वेळ लागतो, आणि पेडणे ते काणकोण शोधलं की मेमरी संपल्याचा एरर येतो. सगळ्यात कमी टप्प्यांची वाट मागणारी क्वेरी अशी (ट्रिम म्हणजे नावाच्या कडेच्या मोकळ्या जागा काढणं):

मॅच प = (अ:थांबा)-[:पुढचा*]->(ब:थांबा) व्हेअर ट्रिम(अ.नाव) = 'पेडणे' अँड ट्रिम(ब.नाव) = 'काणकोण' रिटर्न प ऑर्डर बाय लेंग्थ(प) लिमिट १

नावावर इंडेक्स (पटकन शोधण्यासाठीची सूची) आहे. रॅम वाढवू का?

सायफरवाला_फोंडा: रॅमने हे सुटणार नाही, खरं दुखणं मॉडेलमध्ये आहे. पणजी–पर्वरी–गिरी–म्हापसा हे तीनच टप्पे घ्या. दर टप्प्यावर २०० फेऱ्या धरल्या, तर २०० × २०० × २०० म्हणजे ८० लाख वाटा, आणि सगळ्या त्याच तीन टप्प्यांच्या! लिमिट १ इथे वाचवत नाही, कारण ऑर्डर बाय लावण्याआधी सगळ्या वाटा काढाव्याच लागतात.

दोन थांब्यांमध्ये एका दिशेला एकच 'जोड' ठेवा (मर्ज म्हणजे नसेल तरच नवा बनवणं):

मॅच (क:थांबा)-[:पुढचा]->(ख:थांबा) विथ डिस्टिंक्ट क, ख मर्ज (क)-[:जोड]->(ख)

डेटा मोठा असेल तर मर्जचा भाग 'कॉल … इन ट्रान्झॅक्शन्स'मध्ये घाला, म्हणजे हजार-हजार ओळींनी कमिट होईल (बदल कायमचे साठवले जातील). मग शोध शॉर्टेस्टपाथने (सगळ्यात छोटी वाट काढणारं फंक्शन) 'जोड'वर करा. तो दोन्ही टोकांकडून पुढे सरकतो. वेळा नंतर, सापडलेल्या टप्प्यांपुरत्याच बघा.

इंडेक्स_आधी: तुमचा इंडेक्स वापरलाच जात नाहीये. प्रॉपर्टीवर ट्रिम लावलं की साधा इंडेक्स बाजूला पडतो. क्वेरीआधी 'प्रोफाइल' लिहून चालवा, म्हणजे प्लॅन (डेटाबेस कोणत्या पायऱ्यांनी शोधतो ते) दिसेल. 'नोडबायलेबलस्कॅन' दिसलं तर प्रत्येक थांबा तपासला जातोय. 'नोडइंडेक्ससीक' (म्हणजे इंडेक्समधून थेट शोध) किंवा त्याचा 'युनिक' प्रकार दिसायला हवा. मूळ क्वेरी पूर्णच होत नाही, तेव्हा तिच्यासाठी 'एक्सप्लेन' वापरा. ते न चालवता प्लॅन दाखवतं.

नावावर विसंबूच नका. कुणी म्हापसा लिहितं, कुणी मापसा. थांब्याला क्रमांक द्या, त्यावर युनिक कन्स्ट्रेंट, म्हणजे तोच क्रमांक दोनदा येऊ न देणारा नियम, लावा (इंडेक्स त्यासोबतच येतो) आणि क्रमांक पॅरामीटर म्हणून, क्वेरीच्या मजकुरापासून वेगळा, पाठवा. मजकूर जोडून क्वेरी बनवलीत, तर प्लॅन पुन्हा पुन्हा नव्याने बनू शकतो.

मांडवीकाठ: 'जोड' केल्यावर उत्तर लगेच आलं, आभार! पण कमी थांब्यांची वाट म्हणजे कमी बस बदलणं नव्हे. ते कसं काढू?

सायफरवाला_फोंडा: त्यासाठी 'मार्ग' हा वेगळा नोड करा, जाण्याचा एक आणि येण्याचा दुसरा. तो त्याच्या प्रत्येक थांब्याला 'थांबते'ने जोडा, आणि त्या रिलेशनशिपवर थांब्याचा क्रम ठेवा. आता दिशा न देता फक्त 'थांबते'वर शोधा. लांबी २ (थांबा–मार्ग–थांबा) म्हणजे थेट बस, ४ म्हणजे एकदा बदल. वरची मर्यादा *..६ अशी घाला. चढायचा क्रम उतरायच्या क्रमापेक्षा लहान आहे ना, हे मात्र तपासायलाच हवं, नाहीतर उलट जाणारी बसही उत्तरात येईल. ही अट शॉर्टेस्टपाथमध्ये कोंबू नका. अख्खी वाट हातात आल्याशिवाय ती तपासता येत नाही, म्हणून इंजिन जलद शोध सोडून सगळ्या वाटा धुंडाळायला लागतं. ऑलशॉर्टेस्टपाथ्सने (सगळ्यात छोट्या लांबीच्या सगळ्या वाटा देणारं फंक्शन) वाटा आणा, 'विथ'ने पुढे न्या आणि मग गाळा. २ लांबीच्या सगळ्याच गळाल्या, तर ४ लांबीसाठी वेगळी क्वेरी चालवावी लागेल.