शब्दचर्चा : चाच्यांच्या गेममधल्या आरमारी लढाईला मराठी शब्द

उधाण :
'सिड मायर्स पायरेट्स!' मराठीत समालोचन करत खेळायचा आणि त्याचे व्हिडिओ करायचे ठरवलं आहे. आवृत्ती २००४ची, १९८७ची मूळ नव्हे. कॅरिबियन समुद्र, स्पॅनिश गॅलियन, लूटमार, सगळं ओळखीचं आहे, पण लढाई सुरू झाली की माझं मराठी संपतं. ब्रॉडसाइड, ग्रेप शॉट, चेन शॉट, प्राइझ, फ्लीट यांना काय म्हणायचं? वाऱ्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे वारा येतो त्या बाजूला असणं आणि खालच्या अंगाला सापडणं यासाठीही शब्द हवेत. पारिभाषिक कोशातले नकोत. 'पार्श्वतोफमारा' ऐकून माझा सख्खा भाऊसुद्धा व्हिडिओ बंद करेल.

कंट्रोलरवाला :
ब्रॉडसाइडला ब्रॉडसाइडच म्हणा की राव. यॉर्करला कुणी मराठी शब्द शोधतो का?

जुनी_कागदपत्रे :
यॉर्करला नव्हता म्हणून शोधला नाही. इथे आहे. आपण रोज 'प्रश्नांची सरबत्ती' म्हणतो, ती सरबत्ती मुळात तोफाबंदुकांचीच. तोफेला बत्ती देतात, आणि ओळीने सगळ्या तोफांना बत्ती दिली की सरबत्ती. गेममध्ये जहाज आडवं वळवून एका कुशीच्या सगळ्या तोफा एकदम उडवता, ते हेच. 'डाव्या कुशीची सरबत्ती' म्हणा, कुणाला समजावून सांगावं लागणार नाही.

ग्रेप शॉटला 'छर्रे' पुरे, कारण त्याचं काम माणसं टिपण्याचं, लाकूड फोडण्याचं नाही. चेन शॉट शिडं फाडतो आणि डोलकाठी मोडतो. त्याला तयार जुना शब्द मला माहीत नाही, 'साखळीगोळा' म्हणायला हरकत नसावी. तोफ चालवणाऱ्याला मात्र गोलंदाज म्हणू नका. शब्द अस्सल आहे, पण ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बुमराह उभा राहील. 'तोफची' म्हणा.

उधाण :
सरबत्ती झकास! आणि प्राइझ? मी 'बक्षीस' म्हणत होतो, ते विचित्रच वाटतं. लुटलेल्या मालाबद्दल म्हणत नाहीये, जिंकून ताफ्यात घेतलेल्या जहाजाबद्दल विचारतोय.

जुनी_कागदपत्रे :
'पाडाव'. आज आपण 'बलाढ्य संघाचा पाडाव' एवढ्यापुरताच तो वापरतो, म्हणजे नुसता पराभव. जुन्या मराठीत 'गलबत पाडाव केलं' म्हणजे ते पकडून आपल्या ताब्यात आणलं. माणसंही पाडाव होत, म्हणजे कैद होत. तेव्हा बुडवलेलं जहाज पाडाव नव्हे, हा फरक समालोचनात पाळा. 'गॅलियन बुडवला' आणि 'गॅलियन पाडाव केला' यांत गेममध्ये अख्ख्या जहाजाच्या किमतीचा फरक पडतो.

हर्णैकर :
वाऱ्याबद्दल कुणीच बोललं नाही, आणि या गेममध्ये निम्मी लढाई तिथेच होते. वाऱ्याच्या वरच्या अंगाला असलेला ठरवतो की गाठ कधी घालायची. खालच्या अंगाला असलेल्याला वर यायला नागमोडी मारत बसावं लागतं, आणि तेवढ्यात समोरच्याच्या दोन सरबत्त्या होऊन जातात.

शिडांचंही तसंच. पूर्ण शिडं सोडली की वेग मिळतो, पण जहाज वळायला जड होतं आणि शिडांचं नुकसानही जास्त होतं. म्हणून अनुभवी खेळाडू गाठताना शिडं सोडतो आणि तोफेच्या पल्ल्यात आला की आखडून घेतो. 'शिडं सोडली', 'शिडं आखडली' एवढं बोललात तरी बघणाऱ्याला डाव कळेल.

जुनी_कागदपत्रे :
हर्णैकर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला नेमका शब्द आहे : 'दमानी'. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या प्रकरणात तो येतो. गनिमाला दमानी घालून झुंजावं असा हुकूम आहे. वारा तसा नसला आणि आपणच दमानी पडलो, तर आपलं बळ कितीही असो, गाठ न घालता जंजिऱ्याच्या, म्हणजे आपल्या सागरी किल्ल्याच्या आश्रयाला यावं, असंही पुढे बजावलंय. अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा मजकूर आहे, आणि उधाण यांना उद्या गॅलियनशी गाठ पडली तर तंतोतंत तोच सल्ला द्यावा लागेल.

उधाण :
'गॅलियन दमानी घातला!' हे तर मी ओरडूनच म्हणणार. मग स्लूपला गलबत आणि फ्रिगेटला गुराब म्हणू का?

जुनी_कागदपत्रे :
इथे मात्र माझा विरोध आहे. लढण्याच्या रीतीचे शब्द घ्या, जहाजांची नावं घेऊ नका. गुराब म्हणजे दोन किंवा तीन डोलकाठ्यांचं जहाज, नाळ, म्हणजे पुढचं टोक, पुढे निघालेली, आणि मोठ्या तोफांपैकी दोन त्या नाळेवरून थेट पुढे डागायच्या. फ्रिगेटचा जीव दोन्ही कुशींतल्या तोफांत, तिला मारा करायला आडवं वळावंच लागतं. शिवाय आपलं लढाऊ गलबत शिडांबरोबर वल्ह्यांवरही चालायचं, वारा पडला की ते गुराबेला ओढून न्यायचं. स्लूपला गलबत म्हटलंत की ऐकणारा वल्ही शोधत बसेल. इंग्रजांनीसुद्धा आपल्या जहाजांना स्वतःची नावं दिली नाहीत, आपलीच वाकडी करून घेतली : गुराबचं ग्रॅब, गलबताचं गॅलिव्हॅट. आपणही स्लूपला स्लूपच म्हणू.

कंट्रोलरवाला :
बघा, शेवटी माझ्याच मुद्द्यावर आलात. आता फ्लीट. आरमार म्हणायचं ना?

हर्णैकर :
आरमार हा राज्याचा कारभार झाला. गेममध्ये जास्तीत जास्त आठ जहाजं, तीही निम्मी फुटकी. 'ताफा' म्हणा. तसाही लढाईला एकच जहाज उतरतं, बाकीची मागे राहतात, मग कसलं आरमार.

जुनी_कागदपत्रे :
सहमत. आज्ञापत्रात पाच गुराबा आणि पंधरा गलबतांचा मिळून एक सुभा करावा असं आहे. म्हणजे आठ जहाजांचा सुभासुद्धा होत नाही. त्यातही जलद आणि जड जहाजांचं प्रमाण आधीच ठरलेलं. गेममध्ये लोक नेमके इथे फसतात : जे पाडाव होईल ते ताफ्यात ओढतात. तीन गॅलियन ताफ्यात आले की सगळा ताफा सगळ्यात मंद जहाजाच्या चालीने चालतो. तिथे वारा बहुतेक पूर्वेकडून, त्यामुळे पूर्वेला परत फिरायचं म्हटलं की खलाशी आधी कुरकुरतात, मग बिथरतात.

उधाण :
'बिथरले' घेतला. गेममध्ये खलाशांच्या मनःस्थितीच्या पायऱ्या आहेत : खूश, समाधानी, नाराज आणि शेवटची बंडाच्या बेतातली. त्या शेवटच्या पायरीला 'बिथरलेले' चपखल बसतो. लुटीच्या वाटणीला 'वाटणी'च ठेवतो.

आता एकच राहिलं. आपला नायक फ्रान्सचा परवाना घेऊन स्पेनची जहाजं लुटतो, त्याला 'चाचा' म्हणायचं का?

जुनी_कागदपत्रे :
परवाना देणारा म्हणणार नाही, लुटला जाणारा म्हणेल. कान्होजी आंग्रे साताऱ्याचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख होते, दस्तकाशिवाय, म्हणजे त्यांच्या परवान्याशिवाय फिरणारी जहाजं अडवत होते, आणि मुंबईकर इंग्रज त्यांना चाचाच म्हणत होते. तुमच्या नायकाला फ्रेंच बंदरात 'परवान्याचा कप्तान' म्हणा आणि हवानात 'चाचा'.

कंट्रोलरवाला :
हवानाच्या गव्हर्नरच्या मुलीबरोबर नाचायचं असेल तर तिथेही जपूनच बोला. आणि पहिला व्हिडिओ आला की दुवा द्या, दमानी कोण पडतं ते बघायचंय.