कॉलेजात माजी सैनिकांचा सन्मान कसा करावा? मदत हवी आहे

मंडळी, मी छत्रपती संभाजीनगरच्या एका कॉलेजात एनसीसी बघते. 14 जानेवारीला माजी सैनिक दिन असतो, फील्ड मार्शल करिअप्पा 1953 साली त्याच दिवशी निवृत्त झाले म्हणून. पण आपल्याकडे तेव्हाच संक्रांत आणि नामविस्तार दिनही! विद्यापीठ गेटकडे पाय ठेवायला जागा नसते. निम्मी पोरं तिकडे, निम्मी तिळगूळ खायला गावी. मग 7 डिसेंबरचा ध्वजदिन धरावा की 16 डिसेंबरचा विजय दिवस?

गेल्या वर्षीचं सांगायला लाज वाटते. 1971 च्या लढाईतले एक सुभेदार काका बीडहून एसटीनं आले. कोटावर डाव्या बाजूला पदकं, बूट आरशासारखे. आम्ही त्यांना दोन तास पाहुण्यांची भाषणं ऐकवली, मग घाईघाईत शाल-श्रीफळ आणि फोटो. निघताना एवढंच म्हणाले, "मॅडम, पोरांशी दोन शब्द बोलायचे होते."

म्हणून यंदा भाषणं बंद. पंधरा-वीस पोरांच्या घोळक्यात एकेक फौजी बसवायचा विचार आहे. कुणी असं केलंय का? पोरं गप्प बसली तर काय करता?

वीरपत्नींनाही बोलवायचंय. त्यांना काय विचारावं, काय टाळावं? जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे संपर्कासाठी प्राचार्यांचं पत्र पुरतं का?

आणि शालीऐवजी काय द्यावं, तेही सुचवा. शाली त्यांच्या घरी ढिगानं असतील.