मदत हवी आहे: स्टेनलेस स्टीलच्या लाइनला वेल्डजवळ छिद्रं, हा जिवाणूंचा गंज असेल का?

नमस्कार. कारखान्यातली कूलिंगच्या पाण्याची ३०४ ग्रेडची ४ इंची लाइन ७ महिन्यांत ३ ठिकाणी गळली. तिन्ही छिद्रं वेल्डच्या कडेला. बाहेरून टाचणीएवढी, पण तुकडा कापून पाहिला तर आत मोठा खळगा आणि त्यावर तांबूस गाठ. गाठीखालचा थर काळा. त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडचा थेंब टाकल्यावर सडक्या अंड्यासारखा वास आला, म्हणजे सल्फाइड आहेच.

हायड्रोटेस्ट (लाइनमध्ये पाणी भरून घेतलेली दाबाची चाचणी) बोअरच्या पाण्याने झाली होती आणि ते पाणी जवळपास २ महिने लाइनमध्ये तसंच साचून होतं. माझा संशय तिथेच आहे. वेल्डच्या खरखरीत जागी जिवाणू चिकटले, त्यांचा बुळबुळीत थर जमला, थराखालचा ऑक्सिजन संपला आणि सल्फेटवर जगून सल्फाइड सोडणाऱ्या जिवाणूंचं फावलं.

छिद्रं वेल्डिंगने बुजवली, क्लोरिन सुरू केलं. पाण्याच्या नमुन्यात आता जिवाणू जवळपास नाहीत, तरी तिसरं छिद्र त्यानंतरच पडलं! क्लोरिन वाढवायची भीती वाटते, त्यानेच ३०४ ला खड्डे पडायचे. पाण्यातलं क्लोराइड १८० मिग्रॅ प्रति लिटर आहे, तापमान ३५ अंशांच्या आसपास.

३१६एल (खड्ड्यांना जास्त टिकणारं स्टेनलेस स्टील) टाकणं यंदा शक्य नाही. प्लांट फक्त २ दिवस बंद ठेवता येईल.

दोष जिवाणूंचा की निव्वळ क्लोराइडचा, हे पक्कं करायला गाठीच्या खरवडीची कोणती चाचणी करून घेऊ? आणि त्या २ दिवसांत आधी थर घासून काढायचा की आधी बायोसाइड (जिवाणू मारणारं रसायन) सोडायचं?