आत घेण्याआधी मांजरीचं पोट बघा

दारात येणाऱ्या अनोळखी मांजरीबद्दल 'इतकी पायात घुटमळते म्हणजे तिला घर हवंय, आजच आत घ्या' हे इथं वर कुणीतरी दिलेलं उत्तर मला अर्धंच पटलं. माणसाला न बिचकणारं मांजर बहुतेक वेळा माणसांतच वाढलेलं असतं, म्हणजे ते कुणाचं तरी असण्याची शक्यता मोठी. आमच्या मंगळवार पेठेत घरं भिंतीला भिंत लावून. एकच बोका तीन घरी जेवतो आणि तिन्हीकडं त्याला वेगळं नाव. म्हणून कागदाच्या पातळ पट्टीवर 'हे मांजर तुमचं आहे का?' आणि फोन नंबर लिहून ती गळ्यात सैल गुंडाळा. कागदच हवा, कुठं अडकला तर फाटून जातो. आमच्याकडं मागच्या गल्लीतल्या काकूंचा फोन त्याच संध्याकाळी आला.

दुसरी गोष्ट इथं कुणीच काढली नाही. मादी असेल तर आधी पोट बघा. सड फुगलेले आणि भोवतीचे केस गेलेले दिसले, तर पिल्लं जवळपासच कुठंतरी माळ्यावर नाहीतर लाकडाच्या ढिगात असणार. अशा मांजरीला दयेपोटी कोंडलं तर तिकडं पिल्लं उपाशी मरतात. खायला घालून ती कुठं जाते त्यावर लक्ष ठेवा, पिल्लं सापडली की सगळ्यांना एकत्रच आत घ्या. घरात आधीचं मांजर असेल तर डॉक्टरांना दाखवून लसी होईपर्यंत खोली वेगळी द्याच. पॅनल्युकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या साथीच्या आजाराचा विषाणू भांड्यांवरून, कपड्यांवरूनही पोचतो.