जुन्या शहरात, जुन्या घरात, दोघांनी दोन रात्री: तुमचे अनुभव सांगा

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला आम्ही अहमदाबादला गेलो होतो. २०१७ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिलेलं हे भारतातलं पहिलं शहर, तेव्हापासून ह्यांच्या डोक्यात होतं. राहिलो जुन्या शहरातल्या एका पोळमध्ये, म्हणजे तोंडाशी दरवाजा असलेल्या गल्लीतल्या वस्तीत; हवेलीचं हॉटेल केलंय तिथे. रिक्षा पोळच्या दरवाजाशी थांबली, पुढे बॅगा उचलून पायी. चबुतऱ्यावर कबुतरं, ओट्यांवर म्हाताऱ्या, आणि आम्ही कोण याची सगळ्यांना चौकशी.

घर देखणंच. कोरीव लाकडी खांब, मधोमध उघडा चौक, चौकाखाली पावसाचं पाणी साठवायचं टाकं. छपरावरचं पाणी नळीवाटे थेट त्यात उतरतं.

पण अशा घराची खरी ओळख रात्री होते. सगळ्या खोल्यांची तोंडं चौकाकडे. वीस-पंचवीस माणसांच्या कुटुंबासाठी बांधलेली वास्तू ती; एकमेकांचं ऐकू येणं ही तेव्हा अडचण नव्हती, सोय होती. पहिल्याच रात्री आमचं कडाक्याचं भांडण झालं आणि ते कुजबुजत करावं लागलं. कुजबुजून भांडून बघा एकदा. ‘तुम्हाला मेलं काही म्हणून कळत नाही’ हे हळू आवाजात म्हणताच येत नाही. त्यात समोरच्या खोलीतून कोणीतरी खाकरलं. शेवटी उठून माणेक चौकात गेलो. दिवसा तिथे सराफ बाजार, रात्री खाण्याच्या गाड्या. त्या गोंगाटात उरलेलं भांडण मोकळ्या गळ्याने पुरं केलं आणि मग अननसाचं सँडविच खाल्लं. (लागतं चांगलं. मलाही पटत नव्हतं.)

सकाळी काळूपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून निघणाऱ्या हेरिटेज वॉकला गेलो, तो मात्र अजिबात चुकवू नका.

तर असे जुन्या घरांतले, दोघांचे अनुभव लिहा. ताजमहालासमोरचे फोटो नकोत.

•

उदयपूर, लग्नानंतर दोन महिन्यांनी. खोलीच्या नावातच ‘लेक व्ह्यू’ होतं. पिछोला तलाव दिसायचा, नाही असं नाही. पण झरोक्यातल्या बैठकीवर गुडघे टेकून मान डावीकडे वळवली तरच, आणि तोही एका वेळी एकालाच. मग आम्ही पाळ्या लावल्या. सूर्यास्ताची पाळी माझी होती, ती नवऱ्याने ढापली. हे मी अजून काढते.

जिना दगडी, अंधारा, प्रत्येक पायरीची उंची निराळी. संध्याकाळी बागोर की हवेलीत नाच बघायला गेलो तर एक बाई डोक्यावर एकावर एक घडे रचून नाचत होती. नवरा म्हणाला, हिला आपल्या जिन्यावरून चहा आणायला सांगू.

•

मी लग्नानंतर आडनाव बदललेलं नाही, त्यामुळे आमचे अनुभव काउंटरवरच सुरू होतात. जयपूरला परकोट्यातल्या एका हवेलीत दोघांची आधार कार्डं उलटसुलट बघून तिथला माणूस म्हणाला, “मॅडम, रिलेशन?” मी म्हटलं, “अठारह साल का.” त्याने मुकाट्याने किल्ली दिली.

ओळखपत्र दोघांनीही दाखवावं लागतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण न लग्न झालेल्या दोन सज्ञान माणसांनी एका खोलीत राहणं हा गुन्हा नाही, हे मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट सांगितलंय. काही हॉटेलं तरीही आपापले नियम लावतात, म्हणून बुकिंगआधी फोन करून विचारा. बाकी खोली झकास. मोर पहाटे पाचला ओरडतात.

•

मी पुण्यात वाड्यात वाढलो. तो पाडून बिल्डिंग झाली तेव्हा घरात सगळ्यांत जास्त आनंद मला झाला होता. संडास घरात आला, आणखी काय हवं?

गेल्या नोव्हेंबरात पुदुच्चेरीला गेलो. समुद्राकडचा फ्रेंच भाग पिवळ्या भिंतींचा आणि बोगनवेलीचा, कालव्याच्या अलीकडे तमिळ घरं. आम्ही तमिळ घरात उतरलो. बाहेर तिन्नै, म्हणजे आपला ओटा. आत मुट्रम, म्हणजे आपला चौक. आत शिरतानाच उंबऱ्याला ठेच लागली. बायको म्हणाली, “आलास घरी.” ज्या ठेंगण्या दारांना आणि अंधाऱ्या माजघराला लहानपणी शिव्या घातल्या, त्यांचेच आता रात्रीच्या हिशेबाने पैसे मोजत होतो.

तिकडचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. दुपारी तीनच्या सुमारास घराच्या मधोमध कोसळायला लागला. आम्ही पडवीत बसलो, चारी बाजूंनी पागोळ्या. वाड्यात पागोळीखाली घंगाळ सरकवायचं काम माझ्याकडे असायचं. भरलं की ओढायचं, दुसरं लावायचं. आजोबा गेले त्या दिवशीही असाच पाऊस होता, घरात सगळी मोठी माणसं रडत होती आणि मला कोणी थांब म्हटलं नाही, म्हणून मी संध्याकाळपर्यंत घंगाळं लावत राहिलो. हे बायकोला मी कधी सांगितलेलं नव्हतं. ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने उठली, न्हाणीतली बादली आणून पागोळीखाली ठेवली. हॉटेलचा पोऱ्या धावत आला, त्याला वाटलं छप्पर गळतंय.

संध्याकाळी समुद्रकाठच्या गुबेर अव्हेन्यूवर गाड्या बंद असतात, चालायला छान. तेही केलं.

•

फोर्ट कोची. जोडून सुट्टी आली म्हणून शुक्रवार-शनिवार गाठला. मट्टनचेरीतलं १५६८ सालचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, नेमकं त्याच दोन दिवशी पर्यटकांना बंद. दारापर्यंत उन्हात चालत जाऊन हे कळलं. बेत माझा होता. बायकोने चकार शब्द काढला नाही, ते जास्त वाईट. मग सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्को द गामाची कबर पाहिली, तर तीही रिकामी. अस्थी १५३९ मध्येच पोर्तुगालला नेल्या. हॉटेलबद्दल एवढंच म्हणेन की बुटीक म्हणजे खोल्या कमी आणि उशा जास्त. आमच्या पलंगावर आठ होत्या. रात्री त्या ठेवायच्या कुठे?

•

धागा मीच काढलाय, तर भांडण कशावरून झालं ते सांगते, दोघातिघांनी विचारलंय. ह्यांनी परतीचं तिकीट रविवारऐवजी सोमवारचं काढलं होतं आणि ते पहिल्या रात्री, अंथरुणावर पडल्यावर सांगितलं. रविवारी आमची खोली दुसऱ्यांना गेलेली. मालकांनी माळा झाडून तिथे गाद्या घालून दिल्या. वर चौकातला आवाज पोचत नव्हता. हवं तेवढं, हव्या त्या पट्टीत भांडता आलं असतं.

हे साडेनवालाच घोरायला लागले.