इथेनॉलची घनता कमी का आली?
इथेनॉलची घनता ०.७८१ ग्रॅम प्रति मिली आली, पुस्तकात ०.७८९ आहे, म्हणजे नमुन्यात पाणी असणार, असं या प्रश्नावर एकाने म्हटलंय. मला नाही वाटत. पाणी असतं तर घनता उलट वाढली असती! आधी तापमान बघा. पुस्तकातला आकडा २० अंशांचा. आपल्याकडे मे महिन्यात प्रयोगशाळा सहज ३० अंशांवर असते आणि तिथे शुद्ध इथेनॉल ०.७८१च्या आसपासच येतं. घनता बाटलीचं (द्रवाची घनता मोजायची, बुचाला बारीक छिद्र असलेली छोटी बाटली) आकारमान तिच्यात मावणाऱ्या पाण्याच्या वजनावरून काढतानाही पाण्याची ३० अंशांची घनता, ०.९९५७, धरा, सरळ १ नको. भरलेली बाटली गळ्यापाशीच धरा, तळहाताच्या उबेनेसुद्धा द्रव बुचाच्या बारीक छिद्रातून वर येतो. आत बुडबुडा दिसला तर मात्र पुन्हा भरायचीच, त्याला इलाज नाही.